शेवंतीची रात्र

आई गेली ती संध्याकाळी, कामातून उठून. मशीनवर बसून कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. तोंडाने देवाचं गाणं चाललं होतं आणि पायांनी त्याचा ताल. कडव्याच्या मधेच थांबली. "अगं बाई, शेवंतीला पाणी घालायचं राहिलंच की! दिवा राहू द्या हो, मी आत्ता आले." बाबा शेजारी एक घड्याळ उघडून बसले होते, डोळ्याला भिंग लावून. त्यांनी मान वर न करता नुसतं "हं" म्हटलं. थोड्या वेळाने अंगणात झारी पडल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, निसटली असेल हातातून.

त्या दिवसापासून बाबांनी त्या खोलीतला दिवा मालवला नाही. बल्ब गेला तर हाताशी असावेत म्हणून चार आणून कपाटात ठेवले. बदलतानासुद्धा इतकी घाई, की बोटं पोळून घ्यायचे. मी समजूत घालायला गेले, की म्हणायचे, "ती सांगून गेलीय. तू नव्हतीस तेव्हा." खरंच नव्हते. मी दवाखान्यात नर्स आहे, कायमची रात्रपाळी. त्या वेळी दुसऱ्यांच्या आया सांभाळायला निघाले होते.

दुसरी गोष्ट त्यांनी मनावर घेतली ती शेवंतीची. अंगणाच्या पलीकडच्या भिंतीला लागून, बरोबर त्या खिडकीसमोर, आईची शेवंती होती. एक-दोन कुंड्या नव्हेत, भिंतभर झुडूप. बुंधे जुन्या लाकडासारखे, उंची माझ्या खांद्यापर्यंत, काठ्यांना सुतळीने बांधलेलं. लग्नानंतर तिने माहेरून चार रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, त्यांचा हा सगळा विस्तार. चाळीस वर्षांत एकदाही बहर चुकला नव्हता. आलेल्या माणसाला ती आधी शेवंती दाखवायची, मग पाणी विचारायची.

बाबांना तोवर झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घड्याळजीच ते. कोवळा शेंडा खुडला की खाली फांद्या फुटतात आणि झुडूप भरतं, हे आईला करताना पाहिलेलं. तर हे रोज सकाळी शेंडे मोजूनच खुडायचे. दिवस लहान व्हायला लागले तेव्हा खुडणं थांबवलं, कारण आईही तेव्हाच थांबवायची. मावा पडला तर भिंग लावून, घड्याळाच्या चिमट्याने एकेक किडा उचलत बसले.

"बाबा, साबणाचं पाणी मारा की सरळ."

"साबणाने काटे गंजतात," म्हणाले, आणि मग काय बोललो ते कळून स्वतःच हसले. आई गेल्यानंतरचं ते पहिलं हसू.

इतकं करून कळी मात्र येईना. पानं कशी गर्द, तजेलदार, आणि कळी औषधालाही नाही.

त्याच सुमाराला पाववाल्या मावशींनी मला फाटकाशी गाठलं. त्या पहाटे भट्टी पेटवायला आमच्या घरावरून जातात. "एक सांगू का? रागावू नकोस. मी हल्ली रस्त्याच्या पलीकडून जाते." आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "तुझी आई खिडकीत बसते गं. मान खाली घालून. शिवायला बसायची ना, तशी."

बाबांना सांगू नये असं ठरवलं होतं, पण चहा घेताना तोंडातून निघून गेलं. त्यांनी कप खाली ठेवला. चार महिन्यांत त्या चेहऱ्यावर असा उजेड मी पाहिला नव्हता.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला पाळी सांभाळायला सांगून मी तासभर आधी निघाले. फाटकाच्या सळ्यांतून पाहिलं. खिडकीत कुणीतरी बसलं होतं. खांदे, वाकलेली मान, मागून दिव्याचा उजेड. मी प्रेतांना या हातांनी आंघोळ घातलेली बाई, पण फाटकाची सळी धरून राहिले. देवाचं नाव घेत घेतच आत शिरले.

आईच्या खुर्चीत बाबा झोपले होते. तोंड खिडकीकडे, हनुवटी छातीवर. माझ्या पावलांनी जागे झाले, आणि मागे वळून न पाहताच म्हणाले, "आलीस?"

कुणाला म्हणाले ते मला कळलं. "मी आहे, बाबा."

"हो का." घड्याळाकडे पाहून म्हणाले, "लवकर आलीस आज."

म्हणजे ते पलंगावर झोपतच नव्हते. मी गेले की खुर्चीत येऊन बसायचे, ते उजाडेपर्यंत. मी म्हटलं, "मावशींनी तुम्हालाच पाहिलं. दुसरं कुणी नाही."

"माझा डोळा लागल्यावर ती येत असेल."

"आणि बसते कुठे? तुमच्या मांडीवर?"

"चाळीस वर्षांत नाही बसली, आता काय बसतेय!" दोघंही हसलो. मग खिडकीबाहेर बघत ते हळूच म्हणाले, "पण येते गं. पहाटे मशीनच्या तेलाचा वास येतो मला." मशीनला तर आई गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

शेवटी मी रोपवाल्या काकांना बोलावलं. गल्लीच्या टोकाला त्यांची रोपांची बाग आहे. आईचं त्यांच्याशी भांडणही चालायचं आणि येणंजाणंही. त्यांनी पानं चोळून वास घेतला, बुंध्याची माती उकरून पाहिली.

"झाड ठणठणीत आहे, घड्याळजी. तुमच्यापेक्षा बरं."

"मग कळ्या का नाहीत?"

काकांनी वळून खिडकीकडे पाहिलं. खुर्चीच्या मागे, उंचावर टांगलेला बल्ब भर दुपारी जळत होता. "हा दिवा किती वेळ असतो?"

"असतोच," बाबा म्हणाले.

"मग झालं तर! अहो, शेवंती रात्र ओळखते. रात्र लांबली, की तिला कळतं, आता फुलायचं. तुम्ही तिला रात्रच देत नाही. तिच्या लेखी अजून उन्हाळाच चाललाय. वहिनींना ठाऊक होतं हे. या दिवसांत खिडकीला काळं कापड लावायच्या ना त्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. लावायची. दर वर्षी. आम्हाला वाटायचं, वाऱ्यासाठी. आणि खिडकीवरची ती दांडी न् कापड बाबांनीच काढून माळ्यावर टाकलं होतं, बाहेरून दिवा नीट दिसावा म्हणून.

काका गेल्यावर मी शिडी आणायला निघाले. बाबा आडवे आले.

"कापड लावलं तर तिला दिवा दिसणार कसा?"

"आणि नाही लावलं तर तिची शेवंती चुकेल, बाबा."

"कळतंय मला." ते मशीनवर हात ठेवून उभे राहिले. "दिवा ठेवायला तिनेच सांगितलं. शेवंतीही तिचीच. आता तिचं एक ऐकायचं, तर दुसरं मोडायचं कसं? ती आली आणि घरात अंधार, तर म्हणेल, एवढंसं काम सांगितलं होतं. तेव्हाही मान वर केली नाहीत माझ्याकडे बघायला."

मी शिडी आणली नाही. दिवा तसाच राहिला.

दोन-तीन आठवड्यांनी सकाळी परतले, तर बाबा अंगणात उभे. "इकडे ये. हळू."

अख्खं झुडूप हिरवंगार, आणि बरोबर मधोमध कळ्या. शेकड्यांनी. कडेच्या फांद्यांवर एकही नाही. काहींतून पांढरं डोकावायला लागलं होतं. बाबांनी मला ओढत खिडकीपाशी नेलं. "इथून बघ." खाली रुंद खांदे, वर वाकलेली मान. शेवंतीत कुणीतरी बसलं होतं.

"ती आहे," बाबा म्हणाले. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की दुखला.

मी दवाखान्यात नातेवाइकांशी बोलते तशी, सावकाश बोलले. "बाबा, दिवा तुमच्या मागे असतो. तुम्ही रात्रभर इथे बसता. तुमची सावली पडते तेवढ्यापुरती तिला रात्र मिळाली. ते तुम्ही आहात."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा कळ्यांकडे. मग म्हणाले, "मापं घेऊन बघू."

तिन्हीसांजेला ते खुर्चीत बसले, मी झुडपापाशी उभी राहिले. सावली पडली. डावा खांदा कळ्यांच्या कडेवर, उजवा खांदा कडेवर, बेतून कापल्यासारखे. पण डोकं जुळेना. कळ्यांचा घेर डोक्यापाशी दुप्पट होता. बाबांच्या डोक्याची सावली एका वाटोळ्यावर नेमकी बसायची, आणि त्याच्या शेजारचं दुसरं, जरा खाली झुकलेलं, उजेडातच राहायचं. मी म्हटलं, मान डावीकडे करा. मग दुसरं झाकलं, पहिलं उघडं पडलं, खांदा सुटला.

"झोपेत मान कलंडत असेल तुमची," मी म्हटलं.

"माझं डोकं एवढं मोठं आहे का गं?" आतून आवाज आला.

"आई म्हणायचीच!"

हसलो आम्ही. आणि एकाच वेळी थांबलो. ते दुसरं वाटोळं कुठे होतं ते दोघांनाही दिसलं होतं. बाबा घड्याळ उघडून बसले, की आई मागून त्यांच्या खांद्यावरून वाकून आत डोकवायची, आणि विचारायची, "चाललं का?" बरोबर तिथे.

मान कलंडते, हे खरंच आहे. मी रोज पाहते झोपलेली माणसं. पण तेव्हा तोंड उघडून ते पुन्हा म्हणवलं नाही.

"म्हणजे येऊन गेली," बाबा म्हणाले. आवाजात रडू नव्हतं. "आणि उठवलं नाही मला. दमले असतील, म्हणाली असेल."

मी आत गेले. ते खुर्चीतून उठले होते. दाराकडे तोंड करून, मान चांगली वर करून उभे होते, समोर कुणी निघालं असावं तसे.

"बरं. जा तू," ते म्हणाले. "सावकाश ये. दिव्याचं मी बघतो."

आणि त्यांनी बटण दाबलं.

पाच महिन्यांनी त्या खोलीत अंधार झाला. सुरुवातीला काहीच दिसेना. मग खिडकी दिसली, पलीकडे झुडूप, त्यात ते फिकट पांढरं. देवाशपथ सांगते, मशीनच्या तेलाचा वास मलाही आला.

पुढे दोन महिन्यांनी अख्खी भिंत पांढरी झाली. काका येऊन बघून गेले, मावशी आता अलीकडूनच जातात. मधली फुलं तोवर वाळून तपकिरी पडली होती. वाळलेलं खुडावं लागतं, हे बाबांना आता ठाऊक आहे, पण तेवढी राहू दे म्हणाले.

हल्ली ते पलंगावर झोपतात. पहाटे मी येते तेव्हा घोरत असतात. कधीकधी आईची खुर्ची मशीनपासून थोडी मागे सरकलेली असते, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. मी ती पुढे सरकवते, आणि चहा ठेवते.