शिक्षेचं राष्ट्रगीत

आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांना मी राष्ट्रगीत म्हणायला लावायचो. एकदा नाही, तीनदा. तेही सामानाच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून, कारण समोरासमोर उभी केली की कार्टी एकमेकांकडे बघून खिदळतात. ही युक्ती माझीच. खेळाचा शिक्षक असलो तरी छडीची परवानगी नव्हती, आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या की पालक दुसऱ्या दिवशी दारात हजर. राष्ट्रगीताविरुद्ध कोण तक्रार करणार? शिस्तही लागते आणि देशप्रेमही रुजतं, असं मी शिक्षकांच्या खोलीत छाती फुगवून सांगायचो.

बायकोला हे कधीच पटलं नाही. ती दवाखान्यात परिचारिका आहे, दिवसभर सगळ्यांचं मुकाट्याने ऐकून घेते आणि साठलेला स्पष्टपणा घरी आणते. "अहो, पोरांना भाजी आवडावी म्हणून तुम्ही ती शिक्षा म्हणून खायला घालाल का?" तिने एकदा विचारलं.

"तुला शिस्तीतलं काही कळत नाही," मी म्हणालो. ती नुसती हसली. ते हसणं मला पुष्कळ दिवस झोंबत होतं.

भिंतीपाशी रोज वेगळे चेहरे असायचे, पण एक कायमचा होता. आठवीतली एक मुलगी. तिला सगळी शाळा भिंगरी म्हणायची. शाळा साडेसातची, ही कधी सात छत्तीसला, कधी सात चाळीसला. तीन वर्षं हेच. धापा टाकत यायची, दप्तर खाली ठेवायची आणि मी बोट दाखवायच्या आत भिंतीकडे वळायची. सकाळी सगळी शाळा रांगेत उभी राहून राष्ट्रगीत म्हणते, त्या रांगेत ती मला कधी दिसलीच नाही.

आणि हीच मुलगी आठशे मीटरमध्ये कुणाच्या बापाला ऐकायची नाही. तिला मीच तयार केलं होतं, म्हणजे मी सगळ्यांना तसं सांगायचो. "मैदानावर सगळ्यांना मागे टाकतेस, मग शाळेच्या फाटकापर्यंत पोचायला काय धाड भरते गं?" हा माझा ठरलेला विनोद. ती खाली बघायची. मला वाटायचं, लाजली.

यंदाच्या आंतरशालेय स्पर्धेत आयोजकांनी नवीन टूम काढली. प्रत्येक बक्षिसाच्या वेळी भोंग्यावर राष्ट्रगीत लावायचं. दुपारपर्यंत ते अकरा वेळा वाजलं. लांब उडीवाला एक मुलगा धावत सुटला होता, तो मध्येच थबकून ताठ उभा राहिला आणि त्याची उडी वाया गेली. पाणी वाटणाऱ्या बाई तोंडातलं बिस्कीट न चावता तशाच उभ्या. अकराव्या वेळेला अर्धं मैदान कंटाळलेलं होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

बाराव्यांदा वाजलं ते भिंगरीसाठी. आठशे मीटरमध्ये ती पहिली आली होती. चौथऱ्यावर चढली, गळ्यात पदक पडलं, भोंगा खरखरला, गाणं सुरू झालं आणि ती वळली. गर्रकन. झेंड्याकडे, पाहुण्यांकडे, साऱ्या मैदानाकडे पाठ करून मागच्या लाकडी फळ्यांच्या कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सरळ, पाय जुळवून.

मैदानात कुजबुज सुरू झाली. त्या सबंध गर्दीत ती का वळली हे फक्त मला माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला. झेंड्याला पाठ दाखवणारी मुलगी! स्पर्धा समितीच्या सचिवांनी जाहीर केलं की पुढे होणाऱ्या मोठ्या स्पर्धेच्या संघातून तिचं नाव काढण्याबद्दल गुरुवारी बैठक होईल. आमच्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही एवढंच सांगा, तिला भोवळ आली असेल. भिंतीबिंतीचं काही काढू नका. नोकरीची बारा वर्षं आहेत अजून तुमची."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही.

"बोलणार आहात ना?"

"बघू."

"बघू काय, अहो! त्या पोरीचं नाव कापतील ना ते!"

मला भीती वाटत होती. ते कबूल करायला आज मला लाज वाटत नाही, पण त्या दिवशी फार वाटली.

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. अध्यक्षबाई, सचिव आणि शर्यतींची वेळ मोजणारे एक वयस्कर गृहस्थ, त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. अलीकडे भिंगरी, तिची आई आणि मी. आई बेकरीतून परस्पर आली होती, बाह्यांना पीठ लागलेलं होतं आणि ती ते सारखं झटकत होती.

सचिवांनी फोटो टेबलावर ठेवला. "या मुलीच्या मनात देशाबद्दल काय आहे, ते यात स्पष्ट दिसतं," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. भोवळबिवळ सगळं विसरलो. "तिच्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि ती का वळली ते मला ठाऊक आहे," मी उभा राहून म्हणालो. मग भिंत, तीनदा म्हणणं, माझी युक्ती, सगळं सांगून टाकलं. "गाणं ऐकू आलं की वळायचं, ही सवय मी लावली तिला. नाव कापायचं तर माझं कापा."

घड्याळकाका बोटांवर मोजत होते. "वर्षाचे दोनशे दिवस, रोज तीनदा, तीन वर्षं. अठराशे वेळा," ते म्हणाले. "आपण सगळ्यांनी मिळून आयुष्यात एवढ्या वेळा म्हटलं नसेल."

सचिव जरा नरमले. "ठीक आहे. मग असं करू. तिने आत्ता इथे उभं राहून एकदा राष्ट्रगीत म्हणावं, माफी मागावी आणि विषय मिटवू."

भिंगरी लगेच उठली.

"बस खाली!" मी ओरडलो. एवढ्या जोरात की तिची आई दचकली. "सचिवसाहेब, मी अठराशे वेळा जे केलं तेच तुम्ही एकोणिसाव्या शतकापर्यंत नेणार का? शिक्षा म्हणून आता एकदाही नाही." शतकाचं काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही, पण कोणी हसलं नाही.

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "बाळा, तूच सांग. तुला काय वाटतं?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "मला आवडतं ते गाणं," ती म्हणाली.

मला वाटलं, पोरगी मला वाचवायला बघतेय. पण ती थांबली नाही. "भिंतीकडे तोंड असलं की कोणी बघत नाही. मग मोठ्याने म्हणता येतं. समोर सगळे असले की माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी चौथऱ्यावर सगळे माझ्याकडेच बघत होते, म्हणून वळले. पण मी म्हणतच होते."

"खरं आहे," घड्याळकाका म्हणाले. "मी चौथऱ्याच्या मागेच होतो. तिचं तोंड माझ्याकडे होतं. अगदी खड्या आवाजात गात होती, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाकी अख्ख्या मैदानात कोणी म्हणत नव्हतं. मीसुद्धा."

सचिव त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही. मला फक्त वेळ विचारतात."

अध्यक्षबाईंनी फोटो उलटा करून ठेवला. संघात नाव कायम राहिलं. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये आहे आणि ती तिथेच असावी असं मला वाटतं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या की पुढल्या वर्षीपासून राष्ट्रगीत सकाळी एकदाच आणि भोंग्याशिवाय, सगळ्यांनी आपापल्या गळ्यातून म्हणायचं. सचिव म्हणाले, प्रत्येक बक्षिसाला वाजलंच पाहिजे. घड्याळकाका म्हणाले, मग उड्या कधी मारायच्या? त्यांचं चांगलंच जुंपलं, आणि आम्ही तिघं हळूच बाहेर पडलो.

आई बेकरीत परत जायच्या गडबडीत होती. "सर, उपकार झाले," ती म्हणाली.

"ताई, उपकार कसले. मीच चुकलो," मी म्हणालो, आणि मग भिंगरीलाही म्हणालो, "माफ कर मला." मोठ्या माणसांकडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती. ती कावरीबावरी झाली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "सर, उद्या पण मला उशीर होईल."

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, "का गं, होतो तरी का रोज उशीर?"

तिने सांगितलं. आई पहाटे चारला बेकरीत जाते. घरी आजोबा असतात, त्यांची उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांचं तोंड धुणं, चहा, कपडे हिच्याकडे. "शर्टाची बटणं त्यांना स्वतःच लावायची असतात. डाव्या हाताने. मी लावली तर रागावतात. मग मी थांबते. शेवटचं बटण लागलं की सुटते, ती थेट फाटकापर्यंत पळत." घर शाळेपासून दोन किलोमीटर.

तिला धावायला मी शिकवलं, असं मी गावभर सांगत फिरत होतो. बटणं लावणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

"उद्यापासून सावकाश ये," मी म्हणालो. "तुझी हजेरी मी आठला लावीन. धावत यायचं काही कारण नाही."

"असं कसं सर?" भिंगरी म्हणाली. "मोठ्या स्पर्धेला तीनच आठवडे राहिलेत."