वर्षाराणीच्या डोक्यावरची टोपी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. कल्पना करा, की तुमच्या डोक्यावर एक घट्ट कापडी टोपी आहे. तिच्या आतल्या गार चकत्या तुमच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपत आहेत. तीच मी. मी एक जुनी टोपी आहे. नवी टोपी आल्यावर मला शिरूर कासारजवळच्या एका शाळेच्या कपाटात टाकून दिले.

कारखान्यात एका बाईने माझी एकेक चकती निगुतीने बसवली होती. पुढे शहरातल्या संशोधकांनी मला हजारो मुलांच्या डोक्यांवर चढवले. सभांमध्ये माझे फोटो दाखवून टाळ्या घेतल्या. तेव्हा मलाही गर्व झाला होता.

या शाळेत मला पहिल्यांदा तपासणीसाठी आणले, तो ऊसतोडीला निघायचा दिवस होता. बाहेर ट्रक उभा होता. ऊसतोडीला निघालेल्या सरस्वतीबाईंनी आपल्या थोरल्या मुलीला, वर्षाराणीला, माझ्यासमोर आणून बसवले. पोर बोलता बोलता मध्येच गप्प होई. डोळे उघडे, पण हाक ऐकू येत नसे. यंदा ती पहिल्यांदाच फडात ऊस तोडणार होती.

"हिच्या हाती कोयता देऊ का नको, येवढंच सांगा," आई म्हणाली.

माझ्यासोबत शहरातून दोन संशोधक आले होते. त्यांतल्या उत्तरेश्वर सरांनी मला पोरीच्या डोक्यावर चढवले आणि म्हणाले, एका डोक्यावरून काही कळत नाही. लाखो नोंदींचा डेटा जमला की मेंदू आपोआप उलगडेल. दुसऱ्या, विजयमाला मॅडम, हसल्या. आधी सिद्धान्त हवा, नाहीतर ही नुसती भुशाची रास, म्हणाल्या.

"तुमचा सिद्धान्त कागदावर फार देखणा असतो, मॅडम. खरं डोकं समोर आलं की लाजतो," सरांनी टोमणा मारला.

वाद पेटला. माझ्या लहरी दाखवणाऱ्या पडद्याकडे दोघांचीही पाठ होती.

तेवढ्यात वर्षाराणी गप्प झाली. माझ्या चकत्यांखाली लहरी उसळल्या. पडद्यावर उंच, टोकदार रेघा उठल्या. मला आवाज नाही, मित्रांनो.

"आत्ता बगा की. गेली बगा पोर," आई म्हणाली.

"बाई, मध्ये बोलू नका. नोंद बिघडते," सर मागे न वळताच म्हणाले.

ते वळले, तोवर रेघा खाली बसल्या होत्या. पोरही भानावर आली होती. नंतर कळवू, असे दोघांनी सांगितले. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचे एकमत झाले.

मला पुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. मोठे होऊन माझ्यासारखी टोपी कुणाला घालाल, तेव्हा आधी त्याच्या तोंडाकडे बघा.

ट्रकचा हॉर्न वाजला. वर्षाराणीने मला डोक्यावरून उतरवले. दारात तिची धाकटी बहीण सुनिता उभी होती. तिला जवळ ओढून ती म्हणाली, "फडात माझ्यापाशीच ऱ्हा. मी गप झाले की कोयता हिसकून घे."

मग तिने सुनिताला उचलून ट्रकमध्ये चढवले.