पाठीवरची सॅक

एमेटच्या पाठीवर सॅक बांधलेली होती, आत रसायनशास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं कोंबलेली. झोपेत उताणा होऊ नये, ओकारी घशात अडकू नये, म्हणून. म्हणजे पोरं अगदीच बेपर्वा नव्हती, आणि कोरीनला नेमकं तेच टोचत होतं. दारू प्यायलेल्याला कुशीवर निजवा, हे त्यांना तिनंच शिकवलं होतं.

विद्यापीठातल्या बंधुसंघांना आणि भगिनीसंघांना, म्हणजे एकेका घरात राहणाऱ्या पोरापोरींच्या मंडळांना, वळण लावायचं, हे तिचं काम. सतरा घरं, आणि कचेरीत माणसं दोन. त्या शुक्रवारी एमेटच्या घरात 'थोरला-धाकटा' होता. नव्या पोराला त्या दिवशी कळतं आपला थोरला कोण ते. मग थोरला त्याला घराण्याची दारूची बाटली देतो आणि धाकट्यानं ती रिकामी करायची. परवानगीच्या अर्जावर मात्र 'परिचय, पिझ्झा आणि लिंबू सरबत' असं लिहिलं होतं. कोरीननं सही केली होती. सगळ्याच घरांचे अर्ज असे सरबताचे असतात.

एमेटचा थोरला होता ब्रॅडी. एमेट त्या रात्री झोपेतच गेला. दोन दिवसांनी कोरीन ब्रॅडीला भेटायला गेली, तेव्हा तो व्हरांड्याच्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"दर अर्ध्या तासानं बघत होतो, मिस कोरीन. घोरत होता. म्हटलं, घोरतोय म्हणजे बराय."

"अँब्युलन्स का नाही बोलावलीस?"

"घराला टाळं लागलं असतं ना. एमेटच म्हणाला असता, दादा, माझ्यापायी घर घालवलंत."

"बोलावणाऱ्याला शिक्षा नसते, ब्रॅडी. ना त्याला, ना घराला."

त्यानं मान वर केली. "असं असतं?"

ते दोन शब्द घेऊन ती घरी आली. ते तिच्या ताटात बसले, उशाशी बसले.

कारण बोलावणाऱ्याला शिक्षा नसते, हा शिकवणीचा शेवटचा भाग होता. सप्टेंबरात एमेटच्या घराची शिकवणी झाली त्या दिवशी पोरांच्या चेष्टामस्करीत वेळ गेला, घड्याळात पावणेसहा झाले. सहाला पाळणाघर बंद होतं. आदल्याच आठवड्यात तिला उशीर झाला होता, तर तिची लेक जूनी कोट घालून दाराशी बसलेली, गालांवर सुकलेले ओघळ. कोरीननं कागद गोळा केले आणि म्हणाली, "उरलेलं छापलेलं आहे, वाचून घ्या." कोण वाचतंय! मागच्या रांगेतला एक किडकिडीत पोरगा तिचं खोकं उचलून गाडीपर्यंत आला होता. "पळा तुम्ही, मॅम. माझ्या आईला उशीर झाला ना, की मी रडून गाव गोळा करायचो."

तो एमेट होता.

सोमवारी सकाळी डीन व्हिटलोंनी तिच्यापुढे कागद सरकवला. "चार ओळी आहेत. घराला पूर्ण प्रशिक्षण दिलं होतं, हजेरीपत्रक सोबत जोडलंय. सही कर."

"पूर्ण नाही दिलं."

"सह्या आहेत पोरांच्या."

"सह्या सुरुवातीलाच घेतो आपण, सर."

व्हिटलोंनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "कोरीन, ब्रॅडीवर खटला होणारच आहे. तू कशाला त्याच्याबरोबर बुडतेस? पदरात लेकरू आहे तुझ्या."

"मी सही केली, तर कोर्ट म्हणेल, याला सगळं माहीत होतं, तरी यानं मरू दिलं."

व्हिटलोंनी चष्मा परत चढवला. तिनं 'पूर्ण' शब्दावर काट मारली. खाली लिहिलं, 'शेवटचा भाग मी शिकवला नाही,' आणि मग सही केली.

"आता मी तुला वाचवू शकणार नाही," ते हलकेच म्हणाले.

बाहेरच्या बाकावर एमेटची आई बसली होती, लोरेटा. ती पोराचं सामान न्यायला आली होती. सॅक मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेली. कोरीन तिच्यापुढे उभी राहिली आणि सांगितलं. वेळ, घड्याळ, पाळणाघर, काहीच गाळलं नाही. माफी मागितली, पण ती कुठं पोचली असं दिसलं नाही.

लोरेटानं विचारलं, "केवढी आहे लेक?"

"चौदा महिन्यांची."

"याला चौदाव्या महिन्यात कांजिण्या आल्या होत्या." ती सॅकच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "आज किती वाजता आणायचंय तिला?"

"सहाला."

"आत्ता दहा वाजलेत." लोरेटानं बाकावर सरकून जागा केली. "बसा. तो शेवटचा भाग मला शिकवा."

कोरीन बसली.

"माणूस हाक मारून उठत नसेल," ती म्हणाली, "तर आधी फोन करायचा. घाबरायचं नाही. कुणी काही बोलणार नाही."

"पुढं," लोरेटा म्हणाली.