अपंग : शून्य

सत्तावीस नंबरच्या रहिवासी गटाला सलग तीन वर्षं लाल पताका मिळाली होती आणि त्यात प्यो ओक-दानच्या मुलीचा मोठा वाटा होता. तो असा, की ती नव्हतीच. गटप्रमुख तक बाई दर तीन महिन्यांनी वर अहवाल पाठवत, त्यात 'अपंग' या शब्दापुढे ठसठशीत शून्य असे. चौदाव्या मजल्यावर उन-ब्योल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी राहते, लहानपणच्या तापात तिचा डावा पाय वाळला, दिवसभर ती गणवेश शिवते आणि खिडकीतून हातवारे करून खालच्यांची टिंगल करते, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. पण प्योंगयांग सुंदर दिसायला हवं, आणि सुंदर शहरात कुणी लंगडत नाही.

यंदा देशाचा मोठा वर्धापनदिन असल्यामुळे नुसत्या शून्याने भागेना. कुणीतरी वरून येऊन खात्री करणार होतं. म्हणून मे महिना लागताच तक बाई हुकूम घेऊन आल्या. मुलीला तीस तारखेच्या आत चागांग प्रांतात हलवावे, तिथली हवा चांगली आहे. आईने मात्र इथेच राहावे, कारखान्यातलं काम सोडू नये.

"हवा चांगलीच असणार," उन-ब्योल शिवणयंत्रावरून म्हणाली. "तिथं दुसरं आहेच काय?"

ओक-दानला हसू आलं नाही. नवरा गेल्यापासून तिला हे एवढंच माणूस होतं. दोन दिवस तिने रडून घेतलं, मग कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, की तुमची मुलगी कागदावर नाहीच, तर तिला न पाठवण्याचा अर्ज आम्ही घ्यायचा कसा?

आठ तारखेला मा सांग-इक नावाचे साहेब चौदा जिने चढून आले. परदेशी पाहुण्यांची बडदास्त ठेवणाऱ्या खात्यातले. मागून धापा टाकत तक बाई.

"या गटात कुणी अपंग आहे का?" मा साहेबांनी दारातच विचारलं.

"शून्य, साहेब," तक बाई सवयीने म्हणाल्या.

"शून्य नको हो, बाई," मा साहेब रडकुंडीला आले. "एक तरी द्या. सतरा तारखेला संयुक्त राष्ट्रांकडून पाहुणीबाई येतायत. इथं मानवाधिकार नाहीत म्हणून बाहेर ठराव चाललाय आपल्याविरुद्ध. त्यांना एक अपंग नागरिक बघायचाय, त्याच्या स्वतःच्या घरात. आणि या रस्त्यावर ज्या गटात जावं तिथं शून्य. दाखवू काय मी त्यांना, पताका?"

तक बाईंनी हळूच ओक-दानकडे पाहिलं. उन-ब्योल काठी टेकत पुढे आली.

"तीन वर्षं शून्यावर होते, आज एकदम एक झाले," ती म्हणाली. "नशीब काढलं म्हणायचं."

ओक-दानने संधी सोडली नाही. "साहेब, मग तो चागांगचा हुकूम रद्द करा."

"ते पाहुणीबाई गेल्यावर बघू," मा साहेब म्हणाले.

गेल्यावर कोण बघतंय? गरज सरो, वैद्य मरो. पाहुणीबाई सतरा तारखेला जाणार आणि अठराला हे साहेब तिला ओळखही दाखवणार नाहीत, हे ओक-दानला स्वच्छ दिसत होतं.

मग चौदाव्या मजल्याची चंगळ झाली. फ्रिज आला, गालिचा आला, टोपलीभर सफरचंदं आली, त्यांना हात लावायचा नाही अशी ताकीदही आली. भिंतीवरच्या नेत्यांच्या दोन्ही तसबिरी ओक-दान रोजच पुसायची, तरी एक माणूस येऊन पुन्हा पुसून गेला. लिफ्ट सहा वर्षांनी चालू झाली. नवव्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा काही काम नसताना दिवसभर वरखाली करत राहिले. पाहुणीबाईंना हवापाणी मानवून त्या महिनाभर राहाव्यात, अशी सगळ्यांची इच्छा होती.

मा साहेबांनी तालीम घेतली. उत्तरं पाठ करून घेतली आणि शेवटी बजावलं, "तक्रार एकही नको. स्तुती मात्र हवी तेवढी करा. स्तुतीला कोण अडवणार?"

हे वाक्य ओक-दानने मनात जपून ठेवलं.

शनिवारची आत्मटीकेची बैठक जवळ आली होती. बैठकीत प्रत्येकाने उभं राहून आपला एक दोष सांगायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी एक. कुणाचं वाकडं होऊ नये म्हणून शुक्रवारीच जिन्यात जोड्या ठरत. ओक-दानची जोडी वर्षानुवर्षं तक बाईंशी.

"मला या खेपेला काय बोलशील?" तक बाईंनी विचारलं.

"बोलते की, कॉम्रेड तक कामापुढे स्वतःच्या तब्येतीची हेळसांड करतात."

"छान आहे. दोषही आणि शोभतोही." तक बाई खूश झाल्या.

ओक-दान जिन्यात तशीच उभी राहिली. काय करायचं ते तिला कळलं होतं.

सतरा तारखेला पाहुणीबाई आल्या. पिकल्या केसांच्या, साध्या बुटांच्या, हातात जाड वही. उन-ब्योलने पाठ केलेलं सगळं हसतमुखाने म्हटलं. दुभाष्याने ते परदेशी भाषेत सांगितलं. पाहुणीबाईंना कंटाळा येत असावा, पण त्या सभ्य होत्या. निघताना त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का?

ओक-दान उठली, शनिवारच्या बैठकीत उभी राहते तशी.

"मी आत्मटीका करते," ती म्हणाली. "माझ्या मुलीला राज्याने याच घरात, माझ्याजवळ, आयुष्यभर राहायचा हक्क दिला. त्याबद्दल मी आजवर एकदाही आभार मानले नाहीत. मी कृतघ्न आहे."

दुभाष्याने मा साहेबांकडे पाहिलं. स्तुतीच होती. मा साहेबांनी मान हलवली.

"आणि मी कॉम्रेड मा यांच्यावर टीका करते," ओक-दान म्हणाली. मा साहेबांचा चेहरा पडला. "ते फाजील नम्र आहेत. हिला कधीही कुठेही हलवणार नाही असा शब्द त्यांनी स्वतः दिला, आणि एवढी मोठी गोष्ट पाहुण्यांना सांगितली नाही."

दुभाष्या बोलू लागला, तशी पाहुणीबाईंनी पहिल्यांदाच वही नीट उघडली. हे खरं आहे का, त्यांनी मा साहेबांना विचारलं. मा साहेबांना घाम फुटला. नाही म्हणावं, तर मुलीला हलवणार होतो हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. वहीवर पेन थांबलं होतं.

"खरं आहे," मा साहेब म्हणाले.

पाहुणीबाईंनी नाव लिहून घेतलं, मजला लिहून घेतला, मायलेकींचा फोटो काढला आणि पुढच्या मे महिन्यात याच घरी पुन्हा येते म्हणाल्या. मा साहेबांना त्यालाही हो म्हणावं लागलं.

"बाई, तुम्ही मला मारलंत," लिफ्टच्या दाराशी ते ओक-दानच्या कानात म्हणाले.

"मी स्तुती केली, साहेब."

एकोणीस तारखेला फ्रिज गेला, गालिचा गेला, लिफ्ट बंद पडली. त्याच दिवशी चागांगचा हुकूमही मागे घेतल्याचा कागद आला. तो घेऊन तक बाई आल्या, पण कागद देऊन गेल्या नाहीत. बसल्या.

"शनिवारी मला वेगळं काहीतरी बोल," त्या म्हणाल्या. "म्हण, कॉम्रेड तकसुद्धा फाजील नम्र आहेत. घरातली गोष्ट सांगत नाहीत."

"कुठली गोष्ट?"

"माझी नात. सहा वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही." तक बाई हातातल्या टोपीकडे बघत होत्या. "कपाटामागे खेळत बसते. रडली तरी आवाज करायचा नाही, एवढं शिकवलंय तिला."

ओक-दानला संताप आला. हीच बाई तो हुकूम घेऊन आली होती. उन-ब्योलचं शून्य हिनेच लिहिलं होतं. ते सगळं तिने तोंडावर सुनावलं.

"आणि शनिवारी बोलून काही होणार नाही," शेवटी ओक-दान म्हणाली. "त्या दिवशी समोर वही होती. शनिवारी समोर आपणच असणार."

तक बाई उठायला लागल्या.

"बसा. ती बाई मेमध्ये कुठल्या घरी येणारे?"

"तुझ्याच."

"मग पोरीला या घरात राहू दे. या दाराला आता वर्षभर कुणी हात लावणार नाही, मा साहेब लावू देणार नाहीत. मेमध्ये पोरगी त्या बाईंच्या वहीत जाईल. कुठल्या घरात कोण राहतं, त्याची नोंद तुम्हीच करता ना? करा."

"आई, मला हातवारे येत नाहीत," उन-ब्योल यंत्र थांबवून म्हणाली.

"दिवसभर खिडकीतून तेच तर करतेस." ओक-दानने कागद पेन पुढे सरकवलं. "नाव काय तिचं?"

तक बाईंचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं."

तक बाई दार लावायला उठल्या. ओक-दान म्हणाली, "राहू दे उघडं. मोठ्याने सांगा."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. सहा वर्षांत घराबाहेर कधी न उच्चारलेलं ते नाव त्यांनी सांगितलं. खाली जिन्यात नवव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांनाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांची पावलं क्षणभर थांबली, आणि मग ते पुढचा जिना चढू लागले.