किटली वाजली म्हणून

मी एक कॉफीची किटली. खाली पाणी, मधे पूड आणि वर चढणारी कॉफी. ती वर आली की मी अशी घुरघुरते की शेजारच्या खोलीतही ऐकू जावं. या आवाजाचं पूर्वी घरात कौतुक होतं. मला मात्र आता त्याची लाज वाटते.

दक्षिण इटलीतल्या एका गावात, इन्कोरोनाताच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या हवाली केलं. "घरी आलेलं माणूस कॉफी न घेता गेलं तर माझं नाव घालवशील," असं बजावलंही. पुढे नवरा दोनातो स्वित्झर्लंडला बांधकामावर गेला, मागोमाग ही विंटरथूरच्या कारखान्यात शिलाईला लागली, आणि कपड्यांत गुंडाळून मीही गेले. हंगामी मजुरांना तिथे पोरंबाळं आणायची बंदी होती. पण लेकीला आजीकडे ठेवायच्या विचाराने इन्कोरोनाताच्या घशाखाली घास उतरेना. वितीनाला त्यांनी चोरून आणलं.

दिवसभर पोर घरात चिडीचूप. दार वाजलं की आतल्या खोलीतल्या कपाटात शिरायचं. पण बाहेर कधी यायचं? हाक मारावी तर भिंतीपलीकडे ऐकू जाणार. दोनातोने युक्ती काढली.

"किटली घुरघुरली की समजायचं, परकं कोणी नाही. तोवर मी मेलो तरी हलायचं नाही."

"तू मेलास तर कॉफी कोण करणार, बाबा?"

माझा आवाज आला की ती धावत यायची आणि कपभर दुधात माझे चार थेंब घ्यायची. मला केवढा अभिमान होता त्याचा!

एका रविवारी घरमालकीण झोलिंगरबाई गळका नळ बघायला आल्या. वितीना कपाटात. दोनातो मोरीत पाना घेऊन नळाशी झटत होता. निघता निघता बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून कॉफीचा वास फार छान येतो हो."

इन्कोरोनाताचा चेहरा फुलला. लसणाच्या वासावरून जिन्यात नाकं मुरडणारेच तिला ठाऊक होते.

"मग बसा ना बाई. घोटभर घेतल्याशिवाय कशा जाता?" म्हणत तिने मला शेगडीवर ठेवलं.

मी मनात म्हटलं, आज गप्प राहावं. पण खाली आच असताना किटलीने गप्प कसं राहायचं? मी घुरघुरले.

आतलं दार उघडलं. वितीनाने फडताळातून आपला कप काढला, पुढे धरला आणि मग तिला बाई दिसल्या.

"मूल नाही म्हणाला होतात," झोलिंगरबाई म्हणाल्या.

"माझ्या बहिणीची आहे. पाहुणी आलीय," म्हणत दोनातो ओल्या हातांनी धावत आला.

"आई, मी चुकले का?" वितीनाने विचारलं. "किटली वाजली म्हणून आले."

बाईंनी मान खाली घातली. कॉफी मात्र संपवली. "पोलिसांना न कळवून कसं चालेल? उद्या माझ्यावर येईल," एवढं बोलून त्या गेल्या.

थोड्याच दिवसांत वितीनाला आजीकडे धाडावं लागलं. दोनातो बायकोला एका शब्दानेही बोलला नाही, आणि त्यानेच ती मेल्याहून मेली झाली. "एक बाई तशीच गेली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?" मला घासताना ती पुटपुटायची. पण आवाज तर माझाच होता.

वितीना परतली ती मोठी होऊन, नोकरीला. दोनातो तोवर वारला होता. पहिल्या सकाळी आईने मला हौसेने शेगडीवर ठेवलं. मी घुरघुरले. दार उघडलं नाही.

"वितीना, ये गं, कॉफी झाली."

आतून दबका आवाज आला, "कोण आलंय?"

तेव्हापासून इन्कोरोनाता माझा आवाज फुटायच्या आत आच बंद करते. निम्मी कॉफी माझ्या पोटातच राहते. कपात येते ती पांचट, आणि मायलेकी ती छान झालीय म्हणत पितात.

माझं एकच मागणं आहे. वितीना, एकदा शेगडीपाशी उभी राहा आणि मला पुरतं घुरघुरू दे. बघ, घरात परकं कोणी नाही.