सव्वा वर्षाचा चुडा

लंडनमधल्या साउथॉलच्या त्या पंजाबी घरात सून म्हणून येऊन अवनीतला तीन महिने झाले होते आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लाल चुड्याने भरलेले होते. सासूबाईंनी, म्हणजे बीजींनी, लग्नातच बजावलं होतं: चुडा सव्वा वर्ष उतरायचा नाही. मध्येच उतरला तर नवऱ्याच्या जिवावर बेततं. आता आली का पंचाईत! अवनीत पडली नर्स, आणि इस्पितळात जंतूंच्या भीतीने कोपराखाली काही म्हणजे काही चालत नाही, मनगटावरचं घड्याळसुद्धा.

जालंधरला चार वर्षं घासून शिकलेली पोर ती, वर इथल्या परीक्षा दिलेल्या. ही जागा गेली तर घरात पराठे लाटत बसायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"बीजींशी बोल ना रे," तिने तेजवीरला विनवलं.

"वेडी का तू? घर डोक्यावर घेईल ती," नवरोजी म्हणाले. "तिथे गेलीस की काढ, निघताना घाल. कोण बघायला येतंय?"

मग रोज साबण लावून बांगड्या उतरवायच्या आणि साबण लावूनच चढवायच्या. पंधरा दिवसांत मनगटं सोलवटली. बीजी मात्र शेजारणीला सांगायच्या, "माझी सून नोकरी करते, पण चुड्याला धक्का लावला नाही हो!" अवनीतला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका गुरुवारी दुपारी गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरात बीजींना भोवळ आली. साखर एकदम खाली गेली होती. तेजवीरने त्यांना इस्पितळात आणलं आणि खाट मिळाली ती नेमकी अवनीतच्या वॉर्डात.

रक्त घ्यायला ती वाकली. बीजींनी आधी तिचं तोंड पाहिलं, मग हात.

"चुडा कुठाय?"

"कपाटात ठेवलाय, बीजी. इथे चालत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बीजींनी खाटेशी उभ्या तेजवीरकडे पाहिलं. "एकुलता एक आहे गं तो माझा." त्या रागावल्या असत्या तर अवनीतने सोसलं असतं. पण बाई खरंच घाबरली होती. "तेज, तुला ठाऊक होतं?"

अवनीतने नवऱ्याकडे पाहिलं. 'होतं' एवढंच बोल रे, बाकीचं मी बघते.

तेजवीर जॅकेटची चेन वरखाली करत होता. "मला कुठून ठाऊक, बीजी? रोज घालूनच तर निघते."

बीजींनी हात चादरीखाली ओढून घेतला. "दुसरी कुणी असेल तर पाठव, पुत्तर."

अवनीतने मैत्रिणीला पाठवलं. बाहेर तेजवीरने तिला गाठलं. "रागावू नकोस ना. मी समजावतो तिला."

"काय समजावणार? तू खोटं बोललास ते?"

त्याने गाडीची किल्ली काढली. "गाडी बाहेर उभी आहे. दंड पडेल," म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

अवनीतने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कामाची पाळी संपायला तीन तास होते. ते संपूच नयेत असं तिला वाटलं.