अडखळणारं विमान

हेमा आठल्ये यांनी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. वारे कुठून येतात, ढग कुठे अडतात, नद्या कुठे वळतात, हे त्या फळ्यावर डोळे मिटून काढत. विमानात मात्र त्या दोनदाच बसल्या होत्या, आणि दोन्ही वेळा नेमकी पंखावरची जागा मिळाली. खाली आख्खा सह्याद्री सरकत असताना त्यांना दिसला तो पत्रा आणि त्यावरचे खिळे.

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, घरी विमान चालवायचं. कॉम्प्युटरवर खऱ्या जगाचा नकाशा उतरवणारा, वैमानिकाच्या खुर्चीत बसवणारा एक खेळ असतो. तो साध्या कॉम्प्युटरवर चालत नाही. आणि तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून आपणच जोडावा, असं बाईंच्या मनाने घेतलं. महिनाभर त्यांनी व्हिडिओ पाहिले. भाग आणले, तर पहिल्या खोक्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड दोन बोटांनी मावेना.

"दोन बोटं कापून घे," त्यांचे यजमान गोपाळराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "पडद्याचं कापड घेतेस तेव्हा नाही का?"

हेमाताईंनी कॅबिनेट बदलून मोठं आणलं. मग रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या वेगवेगळ्या जातीच्या निघाल्या. दोन्ही बसवल्या की कॉम्प्युटर नुसता शिट्ट्या मारी. दुकानदाराने पट्टी बदलून दिली, पण फुकटचा सल्लाही दिला. "मॅडम, बिर्याणी घरी करावी. कॉम्प्युटर आमच्याकडे सोपवावा."

अखेर एका बुधवारी दिवे लागले, पंखे फिरले, पडद्यावर लोहगावची धावपट्टी उमटली. हेमाताईंनी देवाला साखर ठेवली आणि विमान उचललं.

पर्वतीपर्यंत झकास गेलं. खडकवासल्याचं पाणी दिसू लागलं आणि विमान अडखळलं. एक उडी, मग स्तब्ध, मग पुन्हा उडी. स्वारगेटच्या गर्दीत सापडलेल्या बससारखं ते आकाशात धक्के खाऊ लागलं आणि सिंहगडाच्या कड्यावर जाऊन आपटलं.

"पोचलीस का?" गोपाळरावांनी विचारलं.

बाईंनी खेळ काढून पुन्हा टाकला. रॅमच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, त्या एक घर सोडून बसवल्या. पुस्तिकेत तसंच म्हटलं होतं. थोडा फरक पडला, पण खडकवासला आला की विमानाला उचक्या. मुलगा सलिल बंगलोरला होता. तो फोनवर म्हणाला, "आई, मी सांगितलं होतं ना, लॅपटॉप घे म्हणून? आता सगळं परत करून टाक. तुला कशाला हा ताप?"

त्याचा आवाज मायेचाच होता, आणि हेमाताईंना तेच लागलं. शाळेत त्यांनी असल्याच मऊ आवाजात कितीतरी मुलांना सांगितलं होतं, राहू दे, तुला नाही जमणार. त्यांनी कॉम्प्युटरवर जुनी ओढणी टाकली आणि दोन दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत.

रविवारी सकाळी उत्कर्षा पार्सल न्यायला आली. ही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलींपैकी एक. गाव वर्ध्याकडचं पुलगाव, नोकरी हिंजवडीत. दिवसभर ती कंपनीत नाहीतर कंपनीच्या बसमध्ये, त्यामुळे तिची पार्सलं आठल्यांकडे उतरत.

"काकू, हे काय झाकून ठेवलं?"

"माझं विमान. बिघडलंय."

उत्कर्षाने ओढणी उचलली आणि डोळे मोठे केले. "तुम्ही जोडला हा? एकट्यांनी? काकू, मी रोज आठ तास कॉम्प्युटरसमोर बसून राहिले, पण आत काय असते ते मी आजवर पाहिलं नाही."

"म्हणजे तुलाही दुरुस्त करता येणार नाही."

"नाही येणार. पण दोघी मिळून शोधू ना. तुम्ही सांगा, बिघडते केव्हा?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. हेमाताई खुर्चीत बसल्या. पाऊस का पडतो हे कळायला आधी तो कधी पडतो ते पाहावं लागतं, हे त्यांचंच वाक्य.

"सुरुवातीला चांगलं चालतं," त्या हळूहळू म्हणाल्या. "पर्वतीपर्यंत. मग बिघडतं. मला वाटलं, खडकवासल्याचं चित्र जड असेल."

"मग उलट्या दिशेने उडवून पाहा."

त्यांनी विमान पूर्वेला वळवलं. खाली नुसती शेतं, ना धरण ना डोंगर. तरी थोड्या वेळाने तीच उचकी.

"म्हणजे जागेचा दोष नाही," हेमाताई ताडकन उठल्या. "वेळेचा आहे. चालू झाल्यावर थोड्या वेळाने काय वाढतं? तापमान!"

त्यांनी कॅबिनेटच्या जाळीवर हात धरला आणि झटकन मागे घेतला. उत्कर्षाने प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला. आकडा शंभराला टेकला होता.

"चहा टाकता येईल यावर," ती म्हणाली. "जळू नये म्हणून तो स्वतःच हळू चालून राहिला, काकू."

"पण पंखा तर फिरतोय!"

कॉम्प्युटर बंद केला, निवू दिला. हेमाताईंनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा, त्याच्या डोक्यावरचा कूलर चारही बाजूंनी सैल केला आणि उपटून उलटा धरला. तळाशी, तांब्याच्या चकचकीत पृष्ठभागाला घट्ट चिकटून, एक पारदर्शक प्लॅस्टिक होतं. त्यावर इंग्रजीत ठसठशीत लिहिलेलं: वापरण्यापूर्वी काढून टाका.

मग हेमाताईंनी दाराकडे पाहून हाक मारली. "अहो, जरा येता का?"

गोपाळराव आले. नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायचं नाही, हा त्यांचा घरातला कायदा. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या मुठीला वेष्टण, स्कूटरच्या सीटवर दुकानातलं कव्हर.

"कूलर बसवताना तो तुमच्या हातात होता," हेमाताई म्हणाल्या. "मी विचारलं होतं, खालचं प्लॅस्टिक काढलंत का. तुम्ही काय म्हणालात?"

गोपाळरावांनी प्लॅस्टिक नीट पाहिलं, उजेडात धरलं. "मी 'हो' म्हणालो."

"आणि?"

"इतकं छान चकचकीत होतं. ओरखडे पडले असते." त्यांनी घसा साफ केला. "याला आता काय लागतं?"

"नवी पेस्ट. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची."

एरवी रविवारी उंबरा न ओलांडणारे गोपाळराव मुकाट्याने स्कूटरची किल्ली घेऊन गेले. तासाभराने परतले ते पेस्टची छोटी पिचकारी आणि वर अर्धा किलो बाकरवडी घेऊन.

"दुकानदार विचारत होता, कशाला हवी," ते म्हणाले. "म्हटलं, मिसेसनी विमान बांधलंय. तुमच्याच्याने झालं नसतं."

हेमाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते बाकरवडीच्या पुड्याची गाठ सोडण्यात फार गुंतले होते.

प्लॅस्टिक निघालं, प्रोसेसर पुसला, वाटाण्याएवढी पेस्ट लागली, कूलर बसला. विमान पर्वतीवरून गेलं, खडकवासल्यावरून गेलं, सिंहगड डाव्या हाताला ठेवून पुढे निघालं. एकही उचकी नाही. आणि मग घाटमाथा आला.

हेमाताईंचे हात थांबले. पश्चिमेला दाट हिरवे उतार, कोकणात कोसळणारे कडे; मागे वळून पाहावं तर हिरवा रंग विरत विरत पिवळट होत गेलेला. पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षानुवर्षं त्यांनी तो फळ्यावर एक हिरवी आणि एक तपकिरी रेघ मारून शिकवला होता. आज ती रेघ खरोखरची खाली पडली होती.

"काकू, रडून राहिल्या का?"

"नाही गं," हेमाताई म्हणाल्या आणि चष्मा पुसला. "चल, तुझं गाव दाखव."

त्यांनी नागपूरहून नवं उड्डाण घेतलं. उत्कर्षा रेल्वेची रेघ धरून बोट फिरवत होती. "सेवाग्राम... वर्धा... आता सरळ, सरळच... ती पाहा नदी! तो पूल!" दिवाळीनंतर ती घरी गेली नव्हती. तिने तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला. "आई, पाह्य! आपण पुलगावावर आहोत!"

पलीकडे तिची आई, दुर्गाबाई, पोळ्या लाटता लाटता थांबली. सगळं ऐकून घेतल्यावर तिला एकच गोष्ट खटकली.

"घरावरून चालल्या न् उतरल्या नाही? काकूंना घेऊन जेवून जायचं होतं ना!"

"अजून उतरवता येत नाही हो मला," हेमाताई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष चुकलं, विमानाचं नाक खाली गेलं आणि ते कपाशीच्या एका शेतात जाऊन रुतलं.

"उतरलो, आई," उत्कर्षा म्हणाली. "पोळ्या टाक."